सावरीखालची जागा

गुणाबाई मंगळवारी पहाटे गेल्या. तशा त्या दोन महिने जातच होत्या, त्यामुळे घरात धावपळ झाली नाही. त्यांचा मुलगा आनंदा उशाशी खुर्चीत बसलेला होता. त्याने आईचे डोळे मिटले, एसी वाढवला आणि फोन हातात घेतला. सुकापूरच्या अंगाला, नदीकाठी असलेल्या त्या गावात पूर्वी भात पिकायचं. आता भाडं पिकतं. मयताची वर्दीसुद्धा ग्रुपवर जाते आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. उजाडेपर्यंत रांग बरीच लांबली होती.

लाकडांचा टेम्पो स्मशानात गेला आणि भरल्या अंगाने परत आला. ड्रायव्हरने काच बोटभर खाली करून सांगितलं, शेडमध्ये मोहोळ आहे.

शेड आनंदानेच दहा-बारा वर्षांपूर्वी गावाला बांधून दिली होती. लोखंडी खांब, वर निळा पत्रा, खाली सरण रचायचा पिंजरा. दर्शनी भागावर वडिलांचं नाव होतं आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, देणाऱ्याचं. गावात दिवाळीनंतर दोन मयतं झाली होती, पण दोन्ही पनवेलला गॅसवर गेली. त्यामुळे मधल्या काळात शेडकडे कोणी फिरकलं नव्हतं, आणि आग्या माश्यांनी पिंजऱ्याच्या बरोबर वर, पत्रा पेलणाऱ्या कैचीच्या लोखंडाला पोळं लावलं होतं. सुपाहून मोठं. वरून माश्यांचा काळा थर, आणि त्या थरातून मधूनच एक लाट जायची, झोपलेल्या जनावराच्या कातडीवरून जाते तशी.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. नदीपलीकडच्या गावात मागे असंच झालं होतं. सरण पेटलं, धूर वर गेला, मोहोळ उठलं आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. अग्नी देणारा मुलगा नदीत मानेपर्यंत जाऊन बसला. मयत एकटंच जळत राहिलं. संध्याकाळी लोक परत आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं आणि कोणी काही पाहिलेलं नव्हतं. चावलेल्या जागा आठवड्याभरात उतरल्या. त्या घरात तो विषय मात्र अजून कोणी काढत नाही.

उपाय सुचवायला माणसं कमी नव्हती. पेस्ट कंट्रोलवाला उद्या अकरानंतर यायला तयार होता. अग्निशमन दलाने विचारलं, आग लागली आहे का. लागलेली नाही, पण लावायची आहे, असं कळल्यावर त्यांनी फोन ठेवला. शेवटी दादूकाका बोलले. गावातली सरणं वर्षानुवर्षं तेच रचत आले आहेत. ते म्हणाले, एवढा विचार कशाला, बांबूला मशाल बांधायची आणि जाळून टाकायचं, आमचे आजे-पणजे हेच करायचे.

गोदूमावशी, गुणाबाईंची धाकटी बहीण, आतल्या खोलीत मयताच्या उशाशी बसली होती. तिच्यापर्यंत ही मशाल पोचली आणि ती दारात आली.

“माज्या बयनीच्या आगीच्या आदी तिथं दुसरी आग पेटनार नाय,” ती म्हणाली. “घरचा विस्तव पयला.”

घरातून मडक्यात नेलेला विस्तव हाच त्या दिवशीचा स्मशानातला पहिला. दादूकाकांनाही हे ठाऊक होतं. मोहोळ जाळणं म्हणजे आग लावणं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं इतकंच. त्यांनी मान हलवली आणि मशालीचा विषय संपला.

मग कोणीतरी, आवाज खाली आणून, पनवेलच्या गॅसचं नाव काढलं. स्वच्छ, सुटसुटीत, धूर नाही. आनंदा म्हणाला, नाही. आईला शब्द दिला आहे.

तो शब्द फेब्रुवारीतला होता. गुणाबाई तेव्हा उठून बसत होत्या. एका संध्याकाळी सूप पिता पिता त्या म्हणाल्या होत्या, “मना पनवेलला नको नेऊस. तुज्या बापसाच्या बाजूला ठेव.” आनंदाने हो म्हटलं होतं. त्या वेळी ते फार सोपं वाटलं होतं.

आनंदाने अनुष्काला फोन लावला. अनुष्का खांदा कॉलनीत राहते, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या बाल्कन्यांतली, टाक्यांखालची, झाडांवरची मोहोळं न मारता काढून दुसरीकडे लावते. गेल्या वर्षी आनंदाने बांधलेल्या टॉवरच्या गच्चीवरचं तिनेच काढलं होतं. टॉवर स्मशानाच्या भिंतीला लागूनच आहे. नाव ‘रिव्हरव्ह्यू’, नदी फक्त गच्चीवरच्या टाकीवर चढलं तर दिसते.

ती स्कूटरवरून आली. मागे बांबूच्या पट्ट्यांचा जुडगा, जाळीची टोपी, सुतळी, गळ्यात दुर्बीण. स्मशानात बाई कशी, असं एक-दोघे पुटपुटले. दादूकाका म्हणाले, बरोबर आहे, ज्याला पुढे व्हायचं असेल त्या पुरुषाने व्हावं. कोणी झालं नाही.

तिने लांबूनच, शेडपासून बऱ्याच अंतरावर उभं राहून पोळं पाहिलं. मग आनंदाला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यात त्याला हवं ते काहीच नव्हतं. पोळ्यात पिल्लं आहेत, मध आहे, म्हणजे या माश्या इतक्यात आपणहून उठणार नाहीत. काढता येईल, पण दिवे लागायच्या वेळेला, लाल उजेडात, जेव्हा सगळ्या घरी आलेल्या असतात आणि त्यांना नीट दिसत नाही तेव्हा. भर दुपारी हात लावला तर नदीपलीकडच्या गावात झालं तेच होईल.

दादूकाका म्हणाले, दिवे लागल्यावर आम्ही अग्नी देत नाही. आणि एप्रिलच्या उकाड्यात मयत शिळं करायला मावशी तयार होणार नव्हती.

म्हणजे माश्यांना अंधार हवा होता आणि माणसांना उजेड. अनुष्काने थोडा विचार केला आणि विचारलं, सरण शेडखालीच हवं का? उघड्यावर चालेल? फक्त धूर माश्यांकडे जाता कामा नये.

तिने मूठभर राख उचलून सोडली. नदीकडून वारा होता. दुपारी तो तिथे नेहमी असाच असतो. राख शेडकडे गेली, शेडखालून भिंतीकडे, आणि भिंतीवरून पलीकडे. नदीच्या बाजूला कुठेही सरण लावलं तरी धूर थेट पोळ्यात जाणार होता. स्मशानाची जागा आता अरुंद होती, शेडच्या डाव्या-उजव्या अंगाला जेमतेम गाडी वळेल एवढी. आणि शेडच्या मागे लगेच भिंत.

अनुष्का भिंतीपाशी उभी राहून पत्र्याकडे बघत होती. तिला वेगळंच काहीतरी खटकत होतं. तिने सांगितलं की या माश्या पावसाळ्यात दूर निघून जातात आणि पुढच्या वर्षी जुन्या जागेचा माग काढत परत येतात. त्यांना उंच झाड लागतं. तापलेल्या पत्र्याखाली, माणसाच्या डोक्याच्या इतक्या जवळ त्या सहसा बसत नाहीत.

“गेल्या वर्षी तुमच्या गच्चीवर, यंदा इथे,” ती आनंदाला म्हणाली. “त्या काहीतरी शोधतायत. इथे आधी मोठं झाड होतं का?”

उत्तर दादूकाकांनी दिलं, कारण प्रश्न झाडाबद्दल होता आणि झाड त्यांना आठवत होतं.

“सावर होती ना. मोठी. दर साल तिच्यावर पाच-सात मोवळां लागायची.”

“कुठे होती?”

भिंतीला एक लोखंडी फाटक होतं, कायम कुलूप लावलेलं. दादूकाकांनी त्याच्या गजांतून हात पलीकडे घातला.

“ती पांढरी गाडी हाय ना, तिथं. आमी पयले सरन तिच्या बुडाशीच लावायचो. याचा बापूसपन तिथंच गेला.”

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मागे घेतला. जमलेल्या माणसांपैकी कोणीही आनंदाकडे बघितलं नाही. सगळे नदीकडे बघू लागले. नदीत बघण्यासारखं काही नव्हतं.

गावाला हे माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. भिंत एका दिवसात सरकत नसते. आधी तारेचं कुंपण आलं. मग रेतीचा ढीग कुंपणाच्या अलीकडे पडला, तो पडूनच राहिला आणि कुंपण त्याच्या भोवतीने गेलं. मग सावरीचा कापूस उडून रहिवाशांना त्रास होतो अशी तक्रार आली. रहिवासी यायला तेव्हा अजून दीड वर्ष होतं, पण सावर पडली. मग गावाला शेड मिळाली. उद्घाटनाला नारळ फुटला, वडापाव होता. गावाने खाल्ला. शेडवर बापाचं नाव घालणारा मुलगा म्हणून आनंदाचं कौतुक झालं, आणि बापाची जागा म्हणजे शेड, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. त्यात सगळ्यांचीच सोय होती.

“मयत पनवेलला नेऊ या,” आनंदा म्हणाला.

हे तो घरी येऊन गोदूमावशीलाही म्हणाला. मावशी उशाशी होती तशीच होती. मयताच्या कपाळावर माशी बसू नये म्हणून ती पदराने वारा घालत होती. तिने हात थांबवला नाही.

“तिना तुला काय सांगितलान?”

“बाबांच्या बाजूला ठेव म्हणून.”

“मंग? बापूस पनवेलला हाय काय?”

आनंदा म्हणाला की मावशी, तिथे आता लोक राहतात, विकलेली जागा आहे, गाड्या लागतात.

“गाड्या हालतात,” मावशी म्हणाली. “बापूस हाललाय काय तुजा?”

खोलीत बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. मावशीने पदर सोडला आणि पहिल्यांदा भाच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“तुला वाटला, तिला म्हाईत नाय. त्या भिंतीवरून ती येकदापन गेली नाय. बाजाराला जायची तं वळसा घालून. मी इचारला तं बोलायची, पाय मोकले होतात. तुला कदी येक शबूद बोलली?”

“नाही.”

“मंग आता तू बोल.”

आनंदा थोडा वेळ आईजवळ उभा राहिला. मग चपला घालून निघाला, गाडी न घेता.

रिव्हरव्ह्यूच्या सोसायटीच्या सेक्रेटरी ऋचा. बँकेत नोकरी, त्या दिवशी घरून काम. आनंदा दारात आला तेव्हा त्यांनी आधी सांत्वनाचे शब्द काढले, कारण ग्रुपवर त्यांनीही हात जोडले होते. त्याने ते शब्द पुरे होऊ दिले नाहीत. आत बसलाही नाही.

“मॅडम, मागचं व्हिजिटर पार्किंग स्मशानाची जागा आहे. भिंत मी सरकवली होती. माझ्या वडिलांना तिथे अग्नी दिला होता. आईला तिथेच द्यायचा आहे. आज.”

आतून मीटिंगमधला कोणाचा तरी आवाज येत होता. ऋचा आत गेल्या आणि लॅपटॉप मिटून आल्या.

“आम्हाला तुम्ही ते गार्डनसाठी राखीव म्हणून सांगितलं होतं.”

“हो.”

“माझी मुलगी तिथे सायकल शिकली.”

मग ऋचांनीच विचारलं,

“आणि आम्ही नाही म्हटलं तर?”

“तर आईला पनवेलला नेईन. ते माझ्यावर राहील. पण जागा स्मशानाची आहे हे तरी सांगणारच. सांगितलंच आहे आता.”

ऋचा म्हणाल्या की त्या त्याला कोर्टात खेचतील. तो म्हणाला, खेचायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, सगळे मेंबर त्याला फाडून खातील. तो म्हणाला, खातील. मग त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली. ती पांढरी गाडी त्यांचीच होती.

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप गेला: मागच्या पार्किंगमधल्या गाड्या कृपया ताबडतोब हलवाव्यात, दुपारी तिथे अंत्यसंस्कार होतील, खिडक्या बंद ठेवाव्यात. एकाने विचारलं, याला सर्वसाधारण सभेची मंजुरी आहे का. एकाने विचारलं, हे दर वेळी होणार आहे का. एका म्हाताऱ्या मेंबरने फक्त हात जोडले. त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही आणि गाड्या निघू लागल्या.

जागा दादूकाकांनी शोधली. आधी ते टॉवरकडे पाठ करून नदीचं वळण बघत राहिले, मग देवळाचा कळस शोधू लागले. तो दिसेना, मध्ये बी विंग होती. शेवटी सोसायटीच्या वॉचमननेच सांगितलं की एका ठिकाणी दर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात, कितीही भर घातली तरी. तिथले ब्लॉक उचलले. खाली काळी, भुसभुशीत माती होती आणि त्या मातीत एका जाड बुंध्याचा कुजलेला गोल. दादूकाकांनी तिथे गुडघा टेकला. हाताने फक्त लाकडं आणायची खूण केली. ब्लॉक उचलणाऱ्यांनी ते भिंतीशी नीट रचून ठेवले. कोणी तसं सांगितलं नव्हतं.

अनुष्काने काही अटी घातल्या. वाजवायचं काही नाही, फटाके नाहीत, अत्तर नाही, उदबत्ती नाही, मोठ्याने नाव घेणं नाही. मयताची ताटी शेडच्या कडेने फाटकातून जाणार होती, दुसरी वाट नव्हती. टॉवरच्या पुढच्या गेटातून आणायला मावशीने मनाई केली होती, आमच्या बाईने परक्याच्या दारातून का जावं म्हणून. फाटकाचं कुलूप गंजलेलं होतं, ते प्लंबरच्या करवतीने, तेल घालून घालून, हळू कापलं.

गावात मयत भजनाशिवाय निघत नाही. भजनी मंडळ आलं होतं. ते ताटीच्या पुढे चाललं, टाळ हातात, दोऱ्या बोटांत, आणि टाळ छातीशी घट्ट दाबून धरलेले. मृदंगवाल्याने दोन्ही तळवे मृदंगाच्या तोंडांवर ठेवले होते. ओठ हलत होते. शेडच्या कडेने जाताना एवढी माणसं होती, पण ऐकू येत होता तो पत्र्याखालचा आवाज, एकसारखा, जड. आनंदा पुढे होता, हातात विस्तवाचं मडकं. शेडच्या अलीकडे अनुष्काने त्याला थांबवून मडक्यावर मातीचं झाकण ठेवायला लावलं होतं. त्याने वर पाहिलं नाही. त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं.

अग्नी दिला तेव्हा वारा होता तसाच होता. धूर आधी जमिनीलगत पसरला, मग उचलला गेला आणि टॉवरवर गेला. खिडक्या एकेक करून बंद झाल्या. दुसऱ्या मजल्यावरची एक उघडीच राहिली. तिच्यात एक बाई डोक्यावर ओढणी घेऊन उभी होती आणि धूर तोंडावर येत असूनही आत गेली नाही. भिंतीच्या पलीकडे अनुष्का एकटी शेडसमोर उभी राहून पोळ्यावर नजर ठेवून होती. एकदाच थर फाटल्यासारखा झाला आणि काही माश्या सुटून बाहेर आल्या. लोकांना ते दिसलं. पाय मागे सरकले. आनंदा सरणाजवळून हलला नाही आणि मग बाकीच्यांनाही हलता आलं नाही. माश्या एक फेरी मारून परत बसल्या.

सगळं व्हायला संध्याकाळ झाली. कवटी फुटल्यावर माणसं उठली. अनुष्का भिंतीपलीकडे लाल टॉर्च तपासत होती. शेड पुढच्यांना लागणार, म्हणून पोळं आजच काढायचं ठरलं होतं. नदीच्या काठावर थोडं खाली एक उंच सावर तिला सापडली होती. पिल्लांचा भाग बांबूच्या पट्ट्यांत धरून तिच्या फांदीला बांधायचा होता. माश्या तिथे राहतील का, असं दादूकाकांनी विचारलं होतं. ती म्हणाली होती, सांगता येत नाही. कधी राहतात, कधी दोन दिवसांत उठून जातात. आपण फक्त जागा द्यायची.

अग्नी देऊन निघालेल्याने मागे वळून बघायचं नसतं. आनंदा ओल्या पंच्याने, खाली मान घालून फाटकाकडे चालला होता. फाटकात ऋचा उभ्या होत्या. डोळे धुराने लाल झालेले होते. त्या म्हणाल्या, ही वेळ नाही हे मला कळतंय, पण रात्री मीटिंग आहे आणि मेंबर मला एकच प्रश्न विचारणार आहेत.

“विचारा.”

“भिंत मागे घेणार आहात?”

“हो.”

“कुठपर्यंत?”

आनंदा थांबला. भिंत पूर्वी कुठे होती हे दाखवायचं तर वळायला हवं होतं. त्याने मान वळवली नाही. हात तेवढा खांद्यावरून मागे नेला, आगीच्या दिशेने, आणि आगीच्याही पलीकडे, टॉवरच्या पायरीकडे.

“दादूकाकांना घेऊन जा,” तो म्हणाला. “ते दाखवतील. ते सांगतील तिथपर्यंत.”

पुढे शेडमध्ये आवाज एकदम वाढला, पत्रा थरथरल्यासारखा झाला, आणि ऋचांनी दचकून तिकडे पाहिलं. लाल उजेड हळूहळू वर चढत होता. आनंदा फाटकातून बाहेर पडला आणि घराकडे चालू लागला.